वृद्ध श्वानाची झोप : वय की व्याधी?

चंद्रपूर, वरोरा, बल्लारपूर, गडचिरोली येथील अनेक व्यापारी घरांत पॉमेरेनियन, पग अशी लहान चणीची कुत्री पाळली जातात. मोठ्या जातींच्या मानाने ती दीर्घायुषी असून १३-१४ वर्षांपर्यंतही सोबत देतात. दहाव्या-अकराव्या वर्षापासून त्यांची झोप वाढते. दुकान बंद करून येणाऱ्या मालकाची चाहूल लागताच दाराशी धावणारा जीव आता केवळ शेपटी हलवतो आणि पुन्हा डोळे मिटतो. 'वय झाले' एवढे म्हणून घरातील मंडळी तो विषय संपवतात.

परंतु वय ही व्याधी नव्हे. महिनोन्‌महिने हळूहळू वाढणारी झोप स्वाभाविक असते. काही दिवसांत आलेली मरगळ मात्र आजाराची सूचना असू शकते. सांधेदुखी, किडलेले दात, थायरॉइडची कमतरता यांनीही कुत्रे निपचित पडते. लहान जातींत हृदयाची झडप झिजण्याचा विकार विशेष आढळतो. त्यासाठी घरच्या घरी करता येण्याजोगी एक तपासणी आहे. कुत्रे शांत झोपलेले असताना त्याचे श्वास एक मिनिट मोजावेत. ते वारंवार ३० पेक्षा अधिक भरले, तर पशुवैद्यांकडे जाण्यास विलंब करू नये. वनालगतच्या या भागात गोचिडांकडेही लक्ष हवे. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्त कमी होऊन कुत्रे मलूल होते आणि उपचारांनी बरा होऊ शकणारा हा आजार वार्धक्याच्या नावावर खपून जातो.

काही कुत्री दिवसा झोपतात आणि रात्री येरझारा घालतात, भिंतीकडे टक लावून पाहतात, ओळखीच्या दाराशी बिजागरीच्या बाजूला उभी राहतात. हे मेंदूच्या वार्धक्याचे लक्षण असू शकते. त्रास नको म्हणून अशा जीवाला रात्री अंगणात सोडणे घातक ठरते. ताडोबाचे अरण्य शहरापासून फार दूर नाही. दुर्गापूर, ऊर्जानगर परिसरात बिबट्यांचा वावर असतो आणि कुत्रे हे बिबट्याचे सहज मिळणारे भक्ष्य आहे. त्याला घरातच ठेवून मंद दिवा लावावा, गुळगुळीत फरशीवर चटई अंथरावी. उन्हाळ्यात येथील पारा ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून फिरणे सूर्योदयापूर्वीच उरकावे.

श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत प्राण्याला बांधून ठेवणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे यांचाही समावेश आहे. चौविहाराचे पच्चक्खाण घरातील माणसे घेतात, मुका जीव नव्हे. रात्री त्याच्याजवळ पाण्याचे भांडे असलेच पाहिजे. शिवाय तहान एकाएकी वाढणे हे मूत्रपिंडाच्या विकाराचे किंवा मधुमेहाचे लक्षण असू शकते; भांडेच उचलून ठेवले, तर तेही कळणार नाही.

व्यापाऱ्याला रोजमेळाची सवय असतेच. तशीच एक लहान वही या जीवासाठी ठेवावी. झोप, श्वास, पाणी, भूक आणि वजन यांची आठवड्यातून एकदा नोंद करावी. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाताना ती वही सोबत न्यावी. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नयेत. ज्याने घराची १०-१२ वर्षे राखण केली, त्याच्या उतारवयाची विचारपूस करणे हे त्या घराचे कर्तव्यच आहे.