किरणांवर पहारा कोणाचा?

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील कवठे महांकाळ तालुक्याचे नाव शहरातील सुशिक्षित वाचकाच्या कानी पडते ते बहुधा दोनच निमित्तांनी. एक अवर्षणाचे आणि दुसरे म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्याचे. आज आम्ही या तालुक्याचे नाव घेत आहोत ते निराळ्याच कारणाने. पाण्याचा दुष्काळ डोळ्यांना दिसतो, म्हणून त्यासाठी मोर्चे निघतात व सभा गाजतात. आम्हांस बोलावयाचे आहे ते डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूविषयी, म्हणजे तालुक्या-तालुक्यांतील दवाखान्यांत रोज वापरल्या जाणाऱ्या क्ष-किरणांविषयी. आणि त्या किरणांवर देखरेख करण्यासाठी कायद्याने नेमावयास सांगितलेल्या एका अधिकाऱ्याविषयी. ‘किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी’ हे त्या अधिकाऱ्याचे नाव. ज्याच्या दक्षतेवर हजारोंचे स्वास्थ्य अवलंबून आहे, त्याचे नावही लोकांस ठाऊक नसावे, यातच या प्रश्नाचे मर्म आहे.

एक काळ असा होता की या भागातील माणसाला मोठे दुखणे आले की त्याने मिरजेची वाट धरावी. १८९४ साली उभे राहिलेले मिरजेचे वॉनलेस रुग्णालय हा साऱ्या दक्षिण महाराष्ट्राचा आधार होता. पुढे १९६२ साली त्याच गावी वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि मिरजेची ती ख्याती दृढ झाली. आता परिस्थिती पालटली आहे. छातीचा वा हाडाचा ‘फोटो’ काढण्यासाठी तालुक्याच्या माणसाला मिरज गाठण्याची गरज उरलेली नाही. ते यंत्र त्याच्या जवळ आले आहे. हमरस्त्यावरील अपघातात मोडलेला हात असो, जुना खोकला असो किंवा उसाच्या फडात पडून दुखावलेला पाठीचा कणा असो, निदान जागच्या जागी होते. ही प्रगतीच आहे, आणि तिचे स्वागत आम्ही निःशंकपणे करतो. परंतु यंत्र जितक्या सहजतेने खेड्याकडे गेले, तितक्या सहजतेने त्याच्यावरील पहारा गेला काय? आमचा प्रश्न एवढाच आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. क्ष-किरणांविषयी भीतीचा बागुलबुवा उभा करण्याचा आमचा हेतू नाही. छातीच्या एका साध्या फोटोत रुग्णास मिळणारी मात्रा ही एक दशांश मिलिसीव्हर्टहूनही सामान्यतः कमी असते. उलटपक्षी, माती, खडक, आकाशातून येणारे विश्वकिरण व आपण घेतो तो श्वास यांतून जगातील प्रत्येक मनुष्यास वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट इतकी मात्रा निसर्गतःच मिळत असते. तेव्हा डॉक्टरने सांगितलेला आवश्यक फोटो भीतीपोटी टाळणे हा शुद्ध अविचार होय. मात्र सी.टी. स्कॅनची गोष्ट वेगळी. छातीच्या वा पोटाच्या एका स्कॅनमध्ये कित्येक मिलिसीव्हर्टची मात्रा एकदम पदरात पडते. करोनाच्या साथीत गावोगावी छातीच्या स्कॅनसाठी रांगा लागल्या होत्या, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने त्या तपासणीचे दर बांधून दिले, हे योग्यच झाले. परंतु त्या दिवसांत चर्चा झाली ती पैशांची. शरीरात जाणाऱ्या मात्रेचा हिशेब मागणारा आवाज क्वचितच ऐकू आला.

या किरणांचा इतिहास बलिदानाचा आहे. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेन यांनी त्यांचा शोध लावला, आणि अवघ्या नऊ वर्षांत, १९०४ साली, एडिसन यांचा सहायक क्लॅरेन्स डॅली हा याच किरणांनी झालेल्या व्याधीने मरण पावला. पुढे कित्येक डॉक्टरांनी व तंत्रज्ञांनी आधी बोटे, मग हात आणि अखेरीस प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ १९३६ साली जर्मनीतील हँबर्ग येथे एक स्मारक उभारण्यात आले. आज जे नियम आपणांस जाचक वाटतात ते या माणसांच्या देहांवर लिहिले गेले आहेत, याचा विसर पडता कामा नये.

आपल्या देशात नियमांची वाण नाही. १९६२ साली अणुऊर्जा कायदा झाला. त्याच्या आधारे १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. आणि २००४ सालचे किरणोत्सर्ग संरक्षण नियम आहेत. किरणांच्या सान्निध्यात काम करणाऱ्यास वर्षाकाठी सरासरी २० मिलिसीव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात फार तर ३०, आणि सर्वसामान्य नागरिकास अशा व्यवसायापासून वर्षाला १, अशा मर्यादा ठरलेल्या आहेत. या नियमांनुसार संस्थाचालकाने मंडळाच्या संमतीने किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नेमावयाचा असतो. त्याचे काम वरकरणी किरकोळ भासते. तंत्रज्ञाने छातीवरचा मात्रा मोजणारा बिल्ला लावला आहे की नाही, हे त्याने पाहावे. तो बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासणीस जातो की नाही, आणि आलेला आकडा कोणी वाचतो की नाही, हेही पाहावे. शिशाचा अंगरखा घडी घालून ठेवला तर त्यास आतून भेगा पडतात, म्हणून तो टांगून ठेवला आहे ना. खोलीचे दार फोटोच्या वेळी बंद असते ना. झोत हवा तेवढ्याच भागावर आवळला आहे ना. आजारी मुलास धरून उभी राहिलेली माता स्वतः गर्भवती तर नाही ना. यंत्राची नियतकालिक तपासणी वेळेवर झाली आहे ना. ही सारी विचारपूस त्याची. यांतील एकही गोष्ट मोठ्या विद्वत्तेची नाही. परंतु यांतील एकेक सुटली की संरक्षणाची भिंत एकेका विटेने ढासळू लागते. बिल्ला टेबलाच्या खणात पडून राहिला तर अहवालात शून्य येते, आणि ते शून्य पाहून सारे निर्धास्त होतात. वस्तुतः ते शून्य सुरक्षिततेचे नसते. ते केवळ बेफिकिरीचे मोजमाप असते.

आता या व्यवस्थेतील खरी मेख पाहा. लहान दवाखान्यांत हा अधिकारी म्हणजे बहुधा तेथीलच डॉक्टर किंवा तंत्रज्ञ असतो. तेवढी पात्रता व मंडळाची मान्यता असली की नियमाला ते चालते, आणि एका यंत्रासाठी स्वतंत्र माणूस नेमा असे म्हणणेही अव्यवहार्य ठरेल. परंतु ज्याने दोष काढावयाचा तो ज्याच्या दोषांबद्दल बोलावयाचे त्याचाच पगारी नोकर. भिंत अपुरी आहे, यंत्र जुने झाले आहे, खर्च केला पाहिजे, असे धन्याला सांगण्याचे व प्रसंगी मंडळाला कळविण्याचे धैर्य त्याने कोठून आणावे? ज्या ठिकाणी डॉक्टर हाच मालक आणि मालक हाच सुरक्षा अधिकारी, तेथे तर आरोपी, वकील आणि न्यायाधीश एकाच खुर्चीवर बसतात. व्यक्तींच्या प्रामाणिकपणावर आम्ही शंका घेत नाही. पण सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था ही व्यक्तीच्या सज्जनपणावर सोडून देण्याची वस्तू नव्हे.

हे आमचे केवळ तर्कट नाही. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१२ साली संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात जे आकडे दिले ते कोणत्याही विचारी मनुष्यास अस्वस्थ करणारे होते. देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी अवघी ५,२७० नियामक मंडळाकडे नोंदलेली होती; उरलेली ५२,१७३, म्हणजे शेकडा ९१, नोंदणीवाचून चालू होती. प्रत्येक राज्याने किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय स्थापावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालीच दिला होता. अकरा वर्षांनंतर, २०१२ च्या जुलैपर्यंत, तो पाळला होता तो केवळ केरळ व मिझोराम या दोन राज्यांनी. नोंदणी नाही म्हणजे ते केंद्र घातकच आहे, असा अर्थ अर्थातच होत नाही. आणि त्यानंतर मंडळाने संगणकाद्वारे परवाने देण्याची जी ‘ई-लोरा’ योजना राबविली तिने या कामास गती आली, हेही मान्य केले पाहिजे. परंतु परवाना म्हणजे पहारा नव्हे. परवाना एकदा मिळतो. पहारा रोज करावा लागतो.

महाराष्ट्राच्या बाबतीत तर ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आठवावी अशी अवस्था होण्याचे भय आहे. नियामक मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला. भाभा अणुसंशोधन केंद्र तुर्भ्याला. किरणोपचारांत देशाला वाट दाखविणारे टाटा स्मारक रुग्णालय परळला. या विषयातील देशाची मोठी विद्या आपल्या राजधानीत नांदते. तिचा प्रकाश बोरघाट चढून कृष्णाकाठापर्यंत आणि तेथून अग्रणीच्या खोऱ्यापर्यंत पोहोचविणे हे काही अशक्य कोटीतील कार्य नाही.

पहारेकरी नसला म्हणजे काय होते, याचा धडा दिल्लीने २०१० साली घेतला. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील कोबाल्टचे एक जुने यंत्र १९८५ पासून वापरावाचून पडून होते. २०१० च्या फेब्रुवारीत ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या बाजारात फोडले गेले. अनेक जण होरपळले; एका मजुराचा प्राण गेला. क्ष-किरणांच्या यंत्राचा असा धोका नसतो. वीज बंद केली की त्यातील किरण थांबतात. पण धडा यंत्राचा नाही, माणसाचा आहे. इतक्या मोठ्या विद्यापीठात त्या वस्तूची आठवण ठेवणारा एकही जागरूक माणूस नव्हता. विद्वानांच्या घरी जर हे घडू शकते, तर तालुक्याच्या दवाखान्याला कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

आज या प्रश्नास नवी निकड आली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये देशातील ३४७ जिल्ह्यांत क्षयरोगाविरुद्ध शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, आणि हातात धरून नेता येतील अशी लहान क्ष-किरण यंत्रे वस्त्या-वाड्यांवर पोहोचू लागली. ज्यास खोकलाही नाही अशा मनुष्याच्या छातीत दडलेला क्षय या यंत्राने सापडतो. हे मोठेच वरदान आहे. पण आजवर किरणांभोवती निदान चार भिंती होत्या. देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या ओवरीत वा झाडाखाली भरलेल्या शिबिरात भिंत कोठली? तेथे भिंतीचे काम अंतराने व शिस्तीने करावयाचे असते. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते, हा साधा नियम आहे. परंतु झोताच्या दिशेने कोणी उभे नाही, कुतूहलाने जमलेली पोरे दूर आहेत, दिवसभर यंत्र हाताळणाऱ्याच्या अंगावर बिल्ला आहे, हे पाहणारा एक जाणता मनुष्य तेथे हवा. यंत्र चालते झाले; मग पहारेकरीही चालता व्हावयास नको काय?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही क्षुल्लक मानत नाही. जेथे डॉक्टरांच्याच जागा रिकाम्या राहतात तेथे ही सुरक्षेची चैन कशाला? नियमांचा बडगा उगारला तर यंत्रे बंद पडतील, आणि गरीब रुग्णास पुन्हा मिरजेचे भाडे काढावे लागेल. खरे आहे. यंत्रांना सरसकट टाळे ठोकणे हा उपाय रोगापेक्षा भयंकर ठरेल. पण आम्ही टाळे मागत नाही. आम्ही शिकविणारा, सुधारणारा आणि पुन्हा येऊन पाहणारा माणूस मागतो. शिवाय या अनास्थेचा पहिला बळी रुग्ण नव्हे, तर तो तंत्रज्ञ आहे. रुग्ण वर्षातून एकदा त्या खोलीत येतो; तंत्रज्ञ आपले सारे आयुष्य तेथे काढतो. त्याच्या संरक्षणास चैन म्हणणे माणुसकीला शोभत नाही.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या व व्यवहार्य आहेत. पहिली अशी की, दोन-तीन तालुक्यांमिळून एक किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी शासनाच्या वतीने नेमावा. त्याचे वेतन कोणत्याही दवाखान्याच्या हाती नसावे. त्यास फिरण्यास वाहन, मोजण्यास उपकरण आणि मंडळाकडे थेट लिहिण्याचा अधिकार असावा. खाजगी व सरकारी असा भेद त्याने करू नये. कवठे महांकाळ, जत आणि तासगाव हे तालुके या प्रयोगास सर्वथा योग्य आहेत, आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यास शिक्षणाचे पाठबळ द्यावे. दुसरी अशी की, प्रत्येक क्ष-किरण खोलीच्या दारावर सुरक्षा अधिकाऱ्याचे नाव, परवान्याची मुदत आणि यंत्राच्या शेवटच्या तपासणीची तारीख मराठीत ठळकपणे लिहिलेली असावी. यास खर्च एका पाटीचा आहे, पण तिने लोकांच्या हाती प्रश्न विचारण्याचे साधन येईल. तिसरी अशी की, फिरत्या यंत्राचे कोणतेही शिबिर या अधिकाऱ्याच्या लेखी सूचनांवाचून भरू नये.

आमच्या शहरी वाचकांस असे वाटेल की हे सारे खेड्यापाड्यांचे गाऱ्हाणे आहे. तसे ते नाही. आपल्या गल्लीतील दंतवैद्याच्या खोलीपासून मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यापर्यंत हेच किरण आहेत आणि हाच कायदा आहे. फरक इतकाच की शहरात एका दारी समाधान झाले नाही तर दुसरे दार ठोठावता येते. कवठे महांकाळच्या माणसाला ती सोय नाही. ज्यास पर्याय नाही त्याचे रक्षण प्रथम करावे, हाच सार्वजनिक आरोग्याचा पाया होय. यापुढे सुशिक्षित नागरिकाने क्ष-किरण खोलीत पाऊल टाकण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत: हा फोटो आवश्यक आहे काय, आणि येथील सुरक्षा अधिकारी कोण? पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर देतील. दुसऱ्याचे उत्तर देण्याची जबाबदारी शासनाची आहे, आणि ते उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहणे हे आपले कर्तव्य आहे.