जहाज बुडवणं सोपं, राखणं कठीण

जहाज बुडवायला एक दिवस पुरतो. बुडालेलं जहाज राखायला पिढी जाते. आपल्या जिल्ह्यात सध्या चर्चा आहे ती फक्त पहिल्या वाक्याची. दुसऱ्या वाक्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

विषय अर्थातच 'गुलदार'. १९८५ साली नौदलात आलेलं, १२ जानेवारी २०२४ ला निवृत्त झालेलं, साधारण ८४ मीटर लांबीचं जहाज. ते निवतीच्या समुद्रात तळाशी ठेवायचं, त्यावर प्रवाळ आणि मासे येतील, पर्यटक डायव्हिंग करून बघतील, अशी योजना. केंद्राने त्यासाठी ४६.९१ कोटी मंजूर केले. बातमी आली तेव्हापासून "आता सिंधुदुर्गाचं नशीब उघडणार" असे मेसेज प्रत्येक ग्रुपवर फिरतायत.

आधीच सांगतो, मी या प्रकल्पाच्या विरोधात नाही. चांगला झाला तर मला आनंदच आहे. पण जहाज तळाला गेलं की पैसा आपोआप वर येतो, ही जी समजूत पसरवली जातेय, तिच्या मी पूर्ण विरोधात आहे. जगात ज्यांनी बुडालेल्या जहाजांवर गावं जगवली, त्यांनी आधी काय केलं ते बघा.

सगळ्यात चांगलं उदाहरण समुद्राचं नाही, गोड्या पाण्याचं आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या मधली पाच मोठी सरोवरं, ग्रेट लेक्स. सरोवर म्हटलं म्हणून आपलं धामापूरचं तळं डोळ्यासमोर आणू नका. किनारा दिसत नाही एवढं पाणी आणि त्यात समुद्रासारखी वादळं. वादळात, धुक्यात, टकरीत तिथे शेकडो जहाजं बुडाली. पाणी बर्फासारखं थंड, उन्हाळ्यातसुद्धा खोल तळाशी चार अंशांच्या आसपास. आणि खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा जो किडा आपल्या होडीवाल्यांना चांगला माहीत आहे, तो तिथे नाही. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची लाकडी गलबतं तळाशी अजून उभी आहेत, काहींच्या तर डोलकाठ्यासुद्धा. ती बघायला लोक कित्येक महिने आधी बेत आखतात.

आता त्यातलं एक गाव घ्या. मिशिगन राज्यातलं अल्पीना. सिमेंट, कागद असल्या कारखान्यांवर जगणारं, आपल्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढं गाव. समोर थंडर बे नावाचा उपसागर, त्यात बुडालेल्या जहाजांची रांग. सरकारने तिथे संरक्षित क्षेत्र करायचं ठरवलं तेव्हा १९९७ मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून मोठ्या बहुमताने 'नको' सांगितलं. भीती तीच, जी आपल्याकडे असते. सरकार येणार, मासेमारी बंद करणार, आमचं पाणी आमचं राहणार नाही.

मंडळी, आपल्याकडे १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा काय झालं होतं, आठवतंय? मच्छीमारांनी विरोध केला, सरकारने कागद पुढे रेटला, आणि इतक्या वर्षांनी ते अभयारण्य नकाशावर आहे, लोकांच्या मनात नाही.

अल्पीनात वेगळं घडलं. मासेमारीला हात लावला नाही. नियम जहाजांपुरते ठेवले. कारभारात राज्याला वाटा दिला, स्थानिकांची सल्लागार समिती बसवली, आणि पाच वर्षांनी पटलं नाही तर राज्याला बाहेर पडता येईल अशी सोय ठेवली. मग २००० साली क्षेत्र जाहीर झालं. जुन्या कागद कारखान्याच्या इमारतीत संग्रहालय उभं राहिलं, प्रवेश फुकट. ज्यांना डायव्हिंग जमत नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट. आणि २०१४ मध्ये हे क्षेत्र ४४८ चौरस मैलांवरून ४,३०० चौरस मैलांवर नेलं, तेव्हा पाठिंबा द्यायला तेच गाव उभं होतं. 'नको' म्हणणारे लोक पंधरा-सतरा वर्षांत 'अजून वाढवा' म्हणाले. जहाजं तीच होती आणि पाणीही तेच. फरक विचारण्यात होता.

आपल्याला विचारलंय कोणी? निवतीच्या मच्छीमाराला, वेंगुर्ल्याच्या होडीवाल्याला, रापणकर संघाला? सादरीकरणाला बोलावून चहा-बिस्किटं देणं म्हणजे विचारणं नव्हे. जाळी कुठे टाकायची, कुठे नाही, जहाजात जाळं अडकलं तर भरपाई कोण देणार, हे लेखी ठरवणं म्हणजे विचारणं.

दुसरी गोष्ट, चोरी. ग्रेट लेक्समध्ये सुरुवातीच्या काळात डायव्हरांनीच जहाजं लुटली. कोणी गोल खिडकी नेली, कोणी सुकाणूचं चाक, कोणी नांगर, आणि दिवाणखान्यात टांगलं. एकेकाने एकेक वस्तू नेली आणि जहाजाचा सांगाडा उरला. म्हणून मिशिगनने १९८० मध्ये कायदा केला. आज तिथे परवानगीशिवाय बुडालेल्या जहाजावरची वस्तू उचलली तर तो गुन्हा आहे. आपल्याकडे किल्ल्यावरच्या तोफा आणि दगड जागेवर राहत नाहीत. पाण्याखाली, जिथे पोलीस दिसत नाही आणि कॅमेरा लागत नाही, तिथलं पितळ किती दिवस राहील?

तिसरी गोष्ट नांगराची. पर्यटकांची बोट येते, नांगर टाकते, तो जहाजावर आपटतो, ओढला जातो, पत्रा फाटतो. थंडर बेमध्ये दर हंगामात जहाजांच्या जागी बोये लावले जातात, बोटीने दोर त्यालाच बांधायचा. कॅनडात टोबरमोरीला फॅदम फाइव्ह नावाचं राष्ट्रीय सागरी उद्यान आहे, १९८७ सालचं. आपलं अभयारण्य आणि हे, दोन्ही एकाच वर्षाची भावंडं. तिथे प्रत्येक डायव्हरला नोंदणी करावी लागते. 'स्वीपस्टेक्स' नावाचं १८८५ मध्ये बुडालेलं गलबत जेमतेम सहा मीटर पाण्यात आहे, वरून बोटीतूनही दिसतं. इतकं उथळ असूनही त्याच्या आत शिरायला बंदी आहे. कारण जुनं लाकूड माणसांचा राबता सोसत नाही.

गोड्या, थंड पाण्यात एवढी काळजी. आपला समुद्र खारा, उबदार, वर पावसाळ्याचा मार. लोखंड गंजणारच. म्हणजे आपल्याकडे वेळ कमी आणि काम जास्त.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जीव.

आपल्याकडे 'स्कूबा' म्हणजे काय? पर्यटक येतो, मास्क लावतो, प्रशिक्षक त्याला हाताला धरून काही मीटर खाली नेतो, फोटो काढतो, वर आणतो. त्यात वाईट काही नाही. आमच्या पोरांनी त्यावर घरं चालवली, मला त्यांचा अभिमान आहे. पण बुडालेल्या जहाजावरचं डायव्हिंग ही वेगळी विद्या आहे. आत शिरलात की डोक्यावर पत्रा असतो, घाबरून सरळ वर येता येत नाही. पायाने गाळ ढवळला की दार दिसत नाही. ग्रेट लेक्समध्ये 'सीडरव्हिल' नावाचं मालवाहू जहाज आहे, ७ मे १९६५ ला धुक्यात टक्कर होऊन बुडालं, दहा खलाशी गेले. ते जवळजवळ उलटं पडलंय. आत शिरलेल्या माणसाला छत कुठलं आणि जमीन कुठली कळत नाही. तिथे नंतर डायव्हरही मेले आहेत. म्हणून जाणते लोक हवेचा हिशेब तिसऱ्या हिश्शाने करतात. एक हिस्सा आत जायला, एक परत यायला, एक संकटासाठी राखीव. हा हिशेब न येणाऱ्याने जहाज बाहेरूनच बघावं.

आणि आपला खास प्रश्न म्हणजे घाट. खोल डायव्हिंगमध्ये शरीरात नायट्रोजन विरघळतो. लगेच उंचीवर गेलात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होऊ शकतात, त्यातून लकवासुद्धा येतो. म्हणून एका डायव्हनंतर किमान बारा तास आणि जास्त डायव्हनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. डोंगर चढतानाही तीच काळजी. आपला पर्यटक काय करतो? सकाळी डायव्ह, दुपारी सुरमई थाळी, संध्याकाळी आंबोली. आंबोली जवळपास सातशे मीटर उंच. उथळ पाण्यातल्या हौशी डायव्हला धोका किरकोळ, पण खोल जहाजावर दिवसाला दोन-दोन डायव्ह सुरू झाले की हा प्रश्न उभा राहणार. पुण्या-कोल्हापूरच्या माणसाला हे सांगणार कोण? मी जेट्टीवर उभा राहून बघितलंय, एका ठिकाणी तब्येतीचा फॉर्म बोट सुटल्यावर हातात येतो. वाचतो कोण?

मे २०२२ विसरू नका. तारकर्लीत स्कूबाहून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटकांचा जीव गेला. अपघात पाण्याखाली झाला नव्हता, परतीच्या वाटेवर झाला. सहलीचा बेत म्हणजे फक्त डायव्ह नव्हे. बोट, हवामान, माणसांची संख्या, लाइफ जॅकेट, परतीची वेळ, सगळं त्यात आलं.

"एवढे नियम लावले तर धंदा बसेल" असं मला दोघा-तिघांनी ऐकवलं. धंदा बसतो तो नियमांनी नाही, एका मृत्यूच्या बातमीने. ती टीव्हीवर दोन दिवस चालते आणि बुकिंग अख्खा हंगाम रद्द होतात.

आणखी एक. बुडालेलं जहाज म्हणजे नुसता सेल्फी पॉइंट नसतो. १० नोव्हेंबर १९७५ ला सुपीरियर सरोवरात 'एडमंड फिट्झगेराल्ड' बुडालं, २९ माणसं गेली. आज त्याच्याजवळ डायव्हिंग करायला कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताचा परवाना लागतो, कारण ती समाधी मानली जाते. १७ जुलै १९४७ ची 'रामदास' बोट ज्या कोकणाने सोसली, त्याला हे वेगळं समजवायला नको. 'गुलदार'मध्ये कोणी बुडालेलं नाही, पण ते देशाचं जहाज होतं. तेवढा मान तरी ठेवा.

म्हणून मागण्या साध्या आहेत. स्थानिक मच्छीमार आणि डायव्हर यांची समिती, तीही अधिकार असलेली. बोये आधी, बोटी नंतर. रोज किती माणसं उतरणार याचा जाहीर आकडा. आत जायला प्रशिक्षणाचा दाखला सक्तीचा, आणि ते प्रशिक्षण तारकर्लीच्या सरकारी संस्थेत आमच्या पोरांना परवडेल अशा फीत. डायव्हिंगच्या आजारावर उपचाराची जवळची सोय कुठे, तिथे रुग्ण किती तासांत पोचेल, हे तिकीट खिडकीवर मराठीत लिहिलेलं. आणि पुढची दहा वर्षं देखभालीचा पैसा कुठून येणार, याचा हिशेब.

यातलं एकही काम पाण्याखालचं नाही, सगळी कोरड्या जमिनीवर बसून करायची कामं आहेत. तेवढीही होत नसतील, तर खाली काय दिवे लावणार?

आमदार, खासदार, पालकमंत्री, तिघांच्या माणसांपर्यंत ही पोस्ट पोचते हे मला माहीत आहे. उत्तर कमेंटमध्ये नको, कागदावर द्या.