सर्दीला अँटिबायोटिक न देणं हा हलगर्जीपणा नव्हे

मुलाच्या सर्दीला अँटिबायोटिक न देणाऱ्या जपानी डॉक्टरांना गेल्या अंकातील पत्रात निष्काळजी ठरवलंय. हे मला मुळीच पटत नाही. सर्दी विषाणूंची, त्यांच्यावर हे औषध चालतच नाही, जुलाब-पुरळ मात्र होऊ शकतात. संशोधक हामाओ उमेझावांनी १९५७मध्ये जपानमध्येच शोधलेल्या कानामायसिन या अँटिबायोटिकने क्षयरोगी वाचले, पण काहींची श्रवणशक्ती गेली. शिवाय अतिवापराने जीवाणू अँटिबायोटिकला दाद देईनासे होतात: व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकला पुरेशी दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस हा जीवाणूही १९९७मध्ये जपानमधूनच प्रथम नोंदला गेला. म्हणून २०१८मध्ये, तीन वर्षांखालील मुलाला सर्दी-जुलाबात अँटिबायोटिक का नको, ते समजावून लेखी देणाऱ्या दवाखान्याला विम्यातून जादा ८०० येन मिळू लागले. असा कागद हातात पडला, तर भारतातून आणलेली अँटिबायोटिकची गोळी परस्पर मुलाला देऊ नका, ही कळकळीची विनंती.
– एक मराठी पालक, तोक्यो