भातुकलीत गिअरबॉक्स का नाही?

मुलींना मुळातच यंत्रांची आवड नसते. हे विधान शिक्षक करतात, पालक करतात, खेळण्यांचे दुकानदार करतात, आणि कारखान्यांचे व्यवस्थापक तर निसर्गनियम सांगावा तसे करतात. हा लेख त्या विधानाविरुद्ध आहे. त्यासाठी एक खेळणे समोर ठेवले आहे: ठोकळे आणि पट्ट्या जोडून बनवायची, मोटारवर चालणारी, आत खराखुरा गिअरबॉक्स असलेली गाडी.

काही मैत्रिणी विचारतील, हुंडा, मारहाण, रेशन, पाणी हे सगळे समोर असताना चळवळीच्या अंकात खेळण्यातल्या गाडीला जागा कशाला? उत्तर असे की बाईच्या हातात लाटणे आणि बाप्याच्या हातात पाना ही विभागणी कारखान्याच्या दारात सुरू होत नाही. ती वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी घरातल्या फरशीवर सुरू होते. कारखान्याच्या दारात फक्त तिच्यावर शिक्का बसतो.

डेन्मार्कमधल्या लेगो कंपनीचा इतिहास पाहा. एकमेकांत घट्ट बसणाऱ्या ठोकळ्याचे पेटंट तिने १९५८ मध्ये नोंदवले. ठोकळ्याला लिंग नव्हते. १९७४ मध्ये कंपनीने पालकांसाठी संचात एक पत्रक घातले होते. निर्मितीची ओढ मुलगा-मुलगी दोघांत सारखीच असते, कुणाला काय बनवायचे ते बनवू द्या, असा त्याचा आशय होता. पत्रक चांगलेच होते, पण बाजार पत्रकावर चालत नाही. १९७७ मध्ये कंपनीने दातेरी चाकांचे, दांड्यांचे यंत्रसंच काढले. त्यांनाच पुढे 'टेक्निक' हे नाव मिळाले. १९८० मध्ये त्यात तीन गिअरांची मोटारगाडी आली. या दोन्हींच्या मध्ये, १९७९ साली, मुलींसाठी 'स्काला' आले. ते काय होते? ठोकळ्यांचे दागिने! १९९४ मध्ये पुन्हा तेच. एकीकडे चार गिअरांची, चारही चाके वळणारी मोठी गाडी, आणि त्याच वर्षी मुलींसाठी 'बेल्व्हिल' हे गुलाबी बाहुलीविश्व. २०१२ मध्ये 'फ्रेंड्स' आले, त्यात ब्यूटी पार्लर होते, कॅफे होता. नाही म्हणायला एक छोटी कार्यशाळाही होती, पण गिअर जुळवायला लावणारा संच नव्हता. अमेरिकेत मुलींच्या गटांनी त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली, आणि हजारो सह्या जमल्या.

गाडीवर 'फक्त मुलांसाठी' असे कुठेही छापलेले नसते, हे खरे आहे. तसे छापावे लागत नाही. खोक्यावरचा मुलगा, दुकानातला कप्पा, वाढदिवसाला येणारा काका, हे सगळे मिळून ते सांगत असतात.

आता गिअरबॉक्सकडे वळू. तो प्रत्यक्ष काय शिकवतो हे कळल्याशिवाय मुलींकडून काय काढून घेतले जाते ते कळणार नाही.

बॅटरीवरची मोटार वेगाने फिरते, पण तिच्यात जोर कमी असतो. ती सरळ चाकाला जोडली तर गाडी सपाट फरशीवर पळेल आणि उतरत्या फळीवर चढवायला गेलो की थांबेल. म्हणून मध्ये दातेरी चाके घालायची. लहान चाक ८ दात्यांचे, मधले १६ चे, मोठे २४ चे. लहानाने मोठ्याला फिरवले तर मोटारीचे तीन फेरे होतात तेव्हा पुढचा दांडा एक फेरा घेतो. वेग एक तृतीयांश होतो, आणि घर्षणात जाईल तेवढा वगळून जोर तिप्पट. १६ ला १६ जोडले तर वेग आहे तसाच राहतो. २४ ने ८ ला फिरवले तर वेग तिप्पट आणि जोर तितकाच कमी. या तिन्ही जोड्या त्याच दोन समांतर दांड्यांवर बसतात, कारण दात्यांची बेरीज दरवेळी ३२ येते आणि दांड्यांमधले अंतर तेवढेच राहते. हे गणित फळ्यावर लिहिले तर कंटाळवाणे वाटेल. हातात धरले तर विसरता येत नाही.

पुढची पायरी अवघड आहे. दोन गिअर एकाच वेळी गुंतले तर सगळे जागच्या जागी अडकते, कारण एकाच दांड्याला दोन वेगांनी फिरायला सांगितले जाते. म्हणून सरकणारी कडी अशी बसवावी लागते की पहिला सुटल्याशिवाय दुसरा पकडणारच नाही. सांगाडा ढिला राहिला तर जोर आल्यावर दांडे फाकतात, दाते घसरतात आणि कट-कट आवाज येतो. मग गाडी खोलायची, आडवी पट्टी टाकून सांगाडा आवळायचा, पुन्हा जोडायची. हे पुन्हा पुन्हा करणे हेच खरे शिक्षण. बिघडले म्हणजे आपले चुकले असे नाही, तर कुठेतरी काहीतरी सैल आहे आणि ते शोधता येते, ही वृत्ती त्यातून येते. भातुकलीत हे शिक्षण नसते. भातुकली सेवा शिकवते, वाढायला शिकवते. उघडून पाहायला शिकवत नाही.

बायका यंत्रांपासून दूर आहेत असेही नाही. पायाने चालवायचे शिलाई मशीन घ्या. खाली मोठे चाक, वर लहान, मध्ये पट्टा. खालच्या एका फेऱ्यात वरचे चाक कितीतरी फेरे घेते. हाच तो गिअर! बाई आयुष्यभर त्यावर संसार ओढते, पण ते अडले की मेकॅनिक बोलावते, आणि मेकॅनिक पुरुष असतो. चालवणे तिचे, उघडणे त्याचे. ब्रिटिश अभ्यासक सिंथिया कॉकबर्न यांनी १९८० च्या दशकात छापखान्यांचा आणि नव्या यंत्रांचा अभ्यास करून हेच दाखवले होते. बायका यंत्रे चालवतात, यंत्रांची जाण मात्र पुरुष आपल्याकडे राखतात, आणि पगार व दर्जा जाणेबरोबर जातो.

या राखणीला कायद्याचाही आधार होता. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २२ मध्ये, शक्ती वाहून नेणारी यंत्रणा चालू असताना ती साफ करणे, तिला तेल देणे, ती जुळवणे हे काम 'स्त्री किंवा अल्पवयीन व्यक्ती'ला देऊ नये असे म्हटले होते. बाई आणि मूल एकाच ओळीत! फिरत्या दात्यात पुरुषाचे बोट तुटत नाही काय? धोका असेल तर यंत्रावर जाळी बसवा, सर्वांसाठी बसवा. साडीचा पदर अडकतो म्हणता, तर कामाचे कपडे द्या. संरक्षणाच्या नावाखाली बाईला कसबापासून दूर ठेवण्याची ही जुनी युक्ती आहे.

पुण्याच्या टेल्कोचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. १९७४ मध्ये अभियंत्यांच्या भरतीच्या सूचनेत स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी ओळ होती. सुधा कुलकर्णी (नंतरच्या सुधा मूर्ती) यांनी जे. आर. डी. टाटांना सरळ पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि त्यांना नोकरी मिळाली. पण एका पोस्टकार्डाने एक दार उघडते. दारापर्यंत पोचणाऱ्या मुली घडवायच्या तर सुरुवात बरीच आधी हवी.

आणि घडवता येतात. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे इंजिन चालवू लागल्या आणि २०२३ मध्ये त्यांनी सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्येतून दलित आणि आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती. 'मुळातच आवड नसते' म्हणणाऱ्यांनी त्यांना भेटायला हवे होते.

दोन आक्षेपांना उत्तर देऊन संपवते. पहिला: मुलींसाठी वेगळा, सुंदर, गुलाबी यंत्रसंच काढावा. नको. वेगळा म्हणजे सोपा, आणि सोपा म्हणजे गिअरबॉक्स वगळलेला, हे आपण पाहिले आहे. शिवाय पिंजरा फक्त मुलींना नाही. लेगोने २०२१ मध्ये सात देशांतील पालक-मुलांची पाहणी करवली, भारत त्यात नव्हता. 'दुसऱ्यांचे' खेळणे खेळलो तर चेष्टा होईल अशी भीती ७१ टक्के मुलग्यांना आणि ४२ टक्के मुलींना वाटत होती. म्हणजे मुली कुंपण ओलांडायला अधिक तयार आहेत, मुलगेच जास्त घाबरलेले आहेत. भातुकली त्यांच्याही हातात द्या.

दुसरा आक्षेप खरा आहे: हे संच महाग आहेत. वस्तीतल्या मुलीला ते कोण आणून देणार? म्हणून एकेका घराने नव्हे, गटाने संच घ्यावा आणि तो बालवाडी, वाचनालय, शिबिर असा फिरता ठेवावा. तेही जमत नसेल तर पुठ्ठा आणि सोडा-बाटल्यांची खाचदार बुचे आहेतच. टेल्कोतली नोकरी सोडून अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी पुण्यात आणि देशभर पोचवली. ती वाट खुली आहे.

गटांना मागणे एवढेच: सुट्टीच्या शिबिरात मेंदी-रांगोळीच्या तासाशेजारी गिअरबॉक्सचा तास ठेवा. जोडताना ताईंनी मुलींच्या हातातून पट्टी काढून घेऊ नये, आणि दादांनी तर मुळीच नाही. दाते घसरले तर घसरू द्या, मुली शोधतील. आणि पुढच्या वेळी गटाचे शिलाई मशीन अडले तर मेकॅनिकला फोन करण्याआधी ते आपण सगळ्याजणी मिळून उघडू या.