जुना संगणक भंगारात कशाला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले आणि धडधाकट संगणकही जुनाट ठरू लागले. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० हे सुरक्षा मॉड्यूल लागते; ३२ जीबी साठवणीचा स्वस्त लॅपटॉप त्यात बसतच नाही. पण ही अट मायक्रोसॉफ्टची; लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीला ती लागू नाही. पपी लिनक्स काहीशे एमबीत मावते आणि थेट रॅममधून चालते. लुबंटू ही लिनक्सचीच दुसरी आवृत्ती त्याहून जड, तरी रोजच्या कामाला अधिक सोयीची. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे लिनक्सवर शिकवत आहेत. मग आपल्या शाळा-ग्रंथालयांनी नव्या खरेदीची निविदा काढण्याआधी हा पर्याय तपासायला काय हरकत आहे?

हरकती आहेत, आणि खऱ्या आहेत. टॅली किंवा जुन्या फॉन्टमधल्या मराठी फायली असतील तर अडचण येणारच; त्यासाठी एखादे विंडोज यंत्र राखून ठेवावे. युनिकोड मराठी मात्र लिनक्सवरही इनस्क्रिप्ट कळफलकाने सहज टंकता येते. खरी मर्यादा वेगळीच आहे: प्रणाली कितीही हलकी असली तरी ब्राउझर रॅम खातोच. २ जीबीच्या यंत्रावर दहा टॅब उघडून भागणार नाही. जागा असेल तर रॅमची पट्टी वाढवावी, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. तो खर्च नव्या संगणकापुढे किरकोळच.