तुला आवडेल असं वाटलं म्हणून

दिवाळी जवळ आली की दिवाळी अंकाच्या संपादकाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो, ‘काहीतरी छान वाचायला सुचवा ना.’ विचारणारे बहुधा नात्यातले असतात, नाहीतर शेजारचे. ‘छान’ म्हणजे नेमकं कसं, असं खोदून विचारलं तर उत्तर येतं, ‘म्हणजे रडकं नको. पण उगाच टाइमपासही नको.’ ऐकून हसू येतं खरं, पण मागणी रास्त आहे. यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग आम्ही तिच्याचभोवती उभा केला. लेखकांना आणि वाचकांना विचारलं, तुम्ही घरातल्या किंवा ओळखीतल्या कुणाला कोणतं पुस्तक दिलंत, आणि तेच का दिलंत? सर्वश्रेष्ठ पुस्तकांची यादी आम्हाला नकोच होती. तशा याद्या दरवर्षी निघतात, तीच नावं खालीवर होतात आणि त्या वाचून कुणी तडक पुस्तकाच्या दुकानात गेल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याकडे पुस्तक देताना घेणाऱ्याकडे बघायची रीत जरा कमीच. मुंजीत ‘श्यामची आई’, लग्नात ‘मृत्युंजय’ नाहीतर ‘स्वामी’, निवृत्तीच्या समारंभात ज्ञानेश्वरी. पत्रिकेत ‘पुष्पगुच्छ आणू नयेत, पुस्तकं चालतील’ असं छापलेलं असेल तर नवरा-नवरीला एकाच संध्याकाळी ‘मृत्युंजय’च्या तीन-तीन प्रती मिळतात, त्यातल्या दोन पुढच्या लग्नात जातात. पुस्तकात खोट नाही. पण पुस्तक चांगलं आहे एवढ्यावर काम भागत नाही. ते ज्याच्या हातात जाणार तो सध्या कशात अडकलाय, रात्री किती वाजता अंथरुणाला पाठ टेकतो, त्याला कशाचं हसू येतं, हे ठाऊक असावं लागतं.

प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’ घ्या. ‘मी काही वाचणाऱ्यांतला नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या पुरुषांना द्यायला याहून चांगली कादंबरी मला माहीत नाही. हिमालयात सीमेवरचा रस्ता बांधायला गेलेला विश्वनाथ नावाचा तरुण इंजिनिअर, समोर सरळसोट कडा आणि डोक्यावर लष्कराची शिस्त. वरून आलेला हुकूम पाळायचा की आपल्या विद्येला जे स्वच्छ दिसतंय ते करायचं, हा झगडा थेट कोर्टमार्शलपर्यंत जातो. सगळी हयात साइटवर गेलेल्या माणसाला हे साहित्य वगैरे वाटतच नाही. आपल्या कामावरचं कुणीतरी लिहिलंय, असं वाटतं. त्यालाच ‘कोसला’ दिलंत तर चाळिसाव्या पानावरून परत येईल. आणि हॉस्टेलवर राहणाऱ्या, सगळ्यांवर वैतागलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला मात्र ‘कोसला’च द्यावं. १९६३ साली आलेल्या त्या कादंबरीत पांडुरंग सांगवीकराचे पुण्यातले उद्योग वाचताना तो खो-खो हसेल, मित्रांना वाचून दाखवेल. मग पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाचा भाग येईल. तिथे त्याला एकटं सोडावं.

रडकं नको म्हणणाऱ्यांचा गैरसमज असा, की गंभीर आणि गमतीदार ही दोन वेगळी कपाटं आहेत. मराठीतली माझ्या मते सगळ्यांत जास्त हलवून सोडणारी पुस्तकं हसवत हसवत तिथवर नेतात. पु. लं.च्या ‘अंतू बर्वा’चा प्रयोग घरी करून बघा. पाच-सात माणसं बसलेली असताना कुणीतरी मोठ्याने वाचायला घ्यावं. रत्नागिरीकरांच्या तिरकस जिभेवर सगळे लोटपोट होतात. मग गावात वीज येते, आणि अंतूशेट अंधाराची बाजू घेऊन बोलू लागतात. घरातलं दारिद्र्य लख्ख दिसण्यापेक्षा ते बरं, असा त्यांचा हिशेब. वाचणाऱ्याचा आवाज कुठे तरी अडखळतोच. दिवाळी अंकांतून उजेडाची स्तोत्रं गाणाऱ्या आम्हा मंडळींनी तो लेख वर्षातून एकदा तरी वाचावा.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चं तर काय सांगावं! वडिलांच्या कडक सोवळ्यापायी हैराण झालेलं घर, हाती आलेला पैसा टिकू न देणारा कवी नवरा आणि १८९५ साली त्याने धर्म बदलल्यावर वाट्याला आलेली ताटातूट. एवढ्या मालमसाल्यावर दुसऱ्या कुणी चारशे पानं टाहो फोडला असता. लक्ष्मीबाई स्वतःचीही टर उडवतात, नवऱ्याची तर उडवतातच, आणि दुःख सांगायची वेळ आली की दोन वाक्यांत सांगून पुढे निघतात. या अंकात एका वाचक बाईंनी लिहिलंय, की मोतीबिंदूमुळे आईचं वाचन बंद झालं तेव्हा त्या रोज रात्री तिला ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवू लागल्या. काही दिवसांनी आई मध्येच थांबवून आपल्या आजेसासूच्या सोवळ्याच्या हकिगती सांगायला लागली. धान्य कसं निवडायचं, विहिरीवरून आलेल्या बाईने कुठे उभं राहायचं, कुणाची सावली चालायची नाही. मुलीने यातलं अक्षरही आधी ऐकलं नव्हतं. पुस्तक संपायला पावसाळा लागला, कारण निम्मा वेळ आईच बोलत होती.

त्या सावलीच्या पलीकडे उभ्या असलेल्यांनी लिहिलेली पुस्तकंही घरात यायला हवीत. ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) मी आवर्जून सुचवतो, विशेषतः कोकणाच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्या काका-मामांना. कोकण तेच, पण रत्नागिरीच्या बाजारात विकायला ओझी घेऊन डोंगर उतरणाऱ्या बायका आणि बांबूची आयदानं विणत बसलेली आई त्यांच्या आठवणींत बहुधा नसते. ‘तुमचे डोळे उघडावेत म्हणून देतोय’ असा आव मात्र आणू नये. ‘तुमच्याच जिल्ह्यातलं आहे’ म्हणून द्यावं. बाकीचं पुस्तक बघून घेतं.

मुलांच्या बाबतीत आपण फार लवकर संस्कारांवर येतो. ‘फास्टर फेणे’ने सुरुवात होऊ दे की! बारा-तेराच्या वयात मग राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं ‘पाडस’ द्यावं. फ्लोरिडाच्या जंगलातला एकटा मुलगा आणि त्याने जीव लावलेलं हरणाचं पिल्लू. शेवट क्रूर आहे, तो आधी सांगू नये आणि लपवूही नये. शेवटच्या प्रकरणांच्या वेळी घरात असलं की झालं.

मोठ्या मंडळींची अडचण पुष्कळदा अगदीच साधी असते. मावशी वाचत नाहीत, कारण अक्षर बारीक आहे. ‘तुंबाडचे खोत’चे दोन खंड पडल्या पडल्या छातीवर पेलत नाहीत. त्यांना ‘बनगरवाडी’ द्यावी. छोटीशी आहे, आणि माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर पहिल्या काही पानांतच घरचा होतो. डोळ्यांना तेही झेपत नसेल तर ऑडिओबुक लावून द्यावं. देवनागरी न येणाऱ्या परदेशातल्या नातवंडांनाही तोच मार्ग. कानाने वाचलेलं खरं वाचन नव्हे, असं म्हणणाऱ्यांशी वाद घालायला मला वेळ नाही. कीर्तनावर पोसलेल्या मुलखात तरी हा वाद नको.

आणि एकदा दिल्यावर ‘वाचलंस का?’ म्हणून मागे लागू नये. दर फोनला विचारलं की पुस्तकाचा गृहपाठ होतो. ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं. गुलामीत जन्मलेल्या त्या कृष्णवर्णीय शेतीशास्त्रज्ञाचं नावही तेव्हा बहुतेक मराठी घरांत माहीत नव्हतं. वीणा गवाणकरांचं ते पुस्तक आज गावोगावच्या कपाटांत आहे, ते मुख्यतः एकाने दुसऱ्याच्या हातात ठेवल्यामुळे. कित्येकांकडे ते वर्षभर तसंच पडून असतं. मग मुलगा दहावीत नापास होतो किंवा नोकरी जाते, आणि ते हाताला लागतं.

राहता राहिलं वाचनातल्या आनंदाचं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, तो ज्या मासिकाचा होता त्याचं नावच ‘मनोरंजन’. त्यांना त्यात काही कमीपणा वाटला नव्हता, आम्हालाही वाटत नाही.

विभागाची सुरुवात अनुक्रमणिकेनंतर लगेच आहे. वाचून तुम्हाला कुणाची आठवण झाली, त्यांना काय दिलंत, हे आम्हाला कळवा. त्यांनी ते न वाचताच परत केलं असेल तर जरूर कळवा. तसली पत्रं पुढच्या अंकात आधी छापू.

शुभ दीपावली!

– संपादक