पेढीच्या कार्डावरील कुलदैवत

हैदराबादेतील छत्ता बाजार ही छापखान्यांची जुनी पेठ. लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डे यांसाठी शहराची पावले तिकडे वळतात. नवी पेढी काढणारा आपल्यातील एखादा तरुण कार्डासाठी बोधचिन्ह ठरवू लागला, की घरातूनच सूचना येते : 'कोपऱ्यात मंगेश घाल', 'शांतादुर्गा घाल', 'गणपती तर हवाच.' या प्रथेस भक्ती म्हणावयास आम्ही तयार नाही.

कार्ड कशासाठी असते? अनोळखी माणसाने आपल्यावर विश्वास ठेवावा यासाठी. त्यावर देव छापला की तो आपल्या मालाचा जामीन झाला! उद्या मालात खोट निघाली, तर गिऱ्हाइकाने जामीनदारास कोठे गाठावे?

'आपले पूर्वज चोपडीच्या आरंभी श्री लिहीत नसत काय?' असे कोणी विचारील. लिहीत असत. परंतु ती चोपडी पेढीतच राही आणि लक्ष्मीपूजनास तिची पूजा होई. तो 'श्री' गिऱ्हाइकास भुलविण्यासाठी नव्हता. खोटी रक्कम मांडू पाहणाऱ्या हाताला धाक म्हणून होता. कार्डाची गत निराळी. ते खिशात चुरगळते आणि पत्ता बदलला की केरात जाते. मूर्तीस विसर्जनाचा विधी आहे. हुसेनसागराच्या काठी आपण तो दरवर्षी पाहतो. कार्डावरील गणपतीचे विसर्जन कोणत्या विधीने होते?

राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला, त्यामुळे देवांची चित्रे गरिबाच्या भिंतीवरही आली. हा उपकार मोठा. पण तशीच चित्रे पुढे मालाच्या वेष्टनांवर चढली आणि दर्शनाची जाहिरात झाली.

कायद्याकडे पाहिले तर अधिकच विषाद वाटतो. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्यान्वये शिवछत्रपतींचे वा गांधीजींचे चित्र सरकारी परवानगीवाचून व्यापारासाठी वापरता येत नाही. १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा धर्मभावना दुखविणाऱ्या चिन्हांची नोंदणी नाकारतो. उदबत्तीसाठी 'रामायण' हे नाव एकट्याच्या मालकीचे होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ठरविले. परंतु कार्डावर कुलदैवत छापणाऱ्याचा हात धरणारा कोणी नाही. तेथे आपला विवेकच कामास यावयाचा.

मग चिन्ह कसले असावे? १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाचे चिन्ह पाहा. दोन हातांनी जपलेली ज्योत! देवाचे चित्र नाही, तरी जपणुकीचा भाव मनात उतरतो. स्टेट बँकेचे किल्लीच्या भोकाचे निळे वर्तुळ शेखर कामत यांनी १९७१ साली रेखाटले. आपल्या स्टेट बँक ऑफ हैदराबादनेही २०१७ च्या विलीनीकरणापर्यंत तेच मिरविले. नखाएवढे छापा, एकाच शाईत छापा, ते ओळखू येते. मुकुट, प्रभावळ आणि चार हात त्याच मापात बसवू गेल्यास शाईचा डाग तेवढा उरतो.

समई, शंख, कमळ, नारळ, वृंदावन यांपैकी काहीही घ्या. अथवा आपल्या नावाचे आद्याक्षर नेटके रेखून घ्या. कुलदैवत देव्हाऱ्यात असू द्यावे. कार्डावर आपले नाव पुरेसे आहे, आणि ते राखण्याचे बळ मात्र अवश्य देवापाशी मागावे.